नवा लॅपटॉप, लिनक्स आणि गावातली लाइन: हार्डवेअर अडलं तर कुठून सुरुवात करायची

मागच्या मे महिन्यात, ऊन उतरता उतरता, आमच्या गल्लीतली एक पोरगी नवा लॅपटॉप ओढणीत गुंडाळून घेऊन आली. "काका, बाण नाचून राह्यला. तीनदा लिनक्स टाकून पाह्यलं, तरी तसाच." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. लॅपटॉप फ्री डॉसवाला, म्हणजे विंडोज न टाकता विकलेला होता. विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून घेतलेला, त्यामुळे दुसऱ्या सिस्टीमवर पडताळून पाहायची सोय नव्हती.

आमच्या घरी चार्जर लावला, पंधरा मिनिटं टचपॅडवर बोट फिरवून पाहिलं. बाण अगदी शहाणा. मग तिच्या घरी गेलो. तिथं चार्जर लावला आणि बाण तव्यावरच्या ज्वारीच्या लाहीसारखा उडायला लागला. पिन काढली, बाण थांबला. पुन्हा लावली, पुन्हा उडाला. बोर्ड उघडला तर तीन भोकांच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नव्हती. घराला अर्थिंगच नव्हतं. चार्जरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की तो लॅपटॉपच्या अंगात राहतो. टचपॅड बोटाचा विद्युत परिणाम मोजूनच चालतो, म्हणून तो गोंधळतो. धातूच्या झाकणावर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, तीही हीच खूण.

तीनदा इन्स्टॉल करण्यात पोरीचे तीन दिवस आणि कितीतरी डेटा गेला, आणि दुखणं होतं भिंतीत. म्हणून नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: कोणता भाग अडला आहे ते ओळखल्याशिवाय पुन्हा इन्स्टॉल करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहा. वही खरंच घ्या. तिसऱ्या बदलानंतर पहिला आठवत नाही.

टाइप करायची अक्षरं मी खाली फोनवर सांगतो तशी एकेक करून लिहिली आहेत. सगळी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं समजा.

पेनड्राइव्ह बनवण्याआधी

ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये तो बहुतेक कंपनीकडून वेगळा येतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच असतात. म्हणजे लॅपटॉप नवा आणि कर्नल जुना असेल, तर त्या कर्नलला तुमच्या वायफायची किंवा टचपॅडची चिप माहीतच नसते. नव्या लॅपटॉपच्या निम्म्या तक्रारी इथंच जन्मतात. मिंट आणि उबुंटू हे लिनक्सचेच दोन प्रकार. लिनक्स मिंट २२ सोबत ६.८ कर्नल येतो, तो मार्च २०२४ चा. मिंट २२.२ आणि उबुंटू २४.०४ ची ऑगस्ट २०२५ मधली तिसरी सुधारित आवृत्ती यांच्यात ६.१४ आहे. त्यामुळे मित्रानं दोन वर्षांपूर्वी बनवलेला पेनड्राइव्ह उसना आणू नका. त्याच नावाची ताजी आवृत्ती उतरवा.

आता डेटाचं गणित. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची आहे, उबुंटूची त्याच्या दुपटीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात बसत नाही, आणि ब्राउजरमधून उतरवताना मध्येच रेंज गेली तर कधी कधी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. टोरेंटनं उतरवा. दोन्ही प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर अधिकृत टोरेंट देतात, जिथं तुटलं तिथून ते पुढं चालतं, आणि आलेला प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. फाइल ब्राउजरमधून किंवा कुणाकडून आणली असेल, तर रुफसमध्ये (विंडोजवर पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्रॅम) फाइल निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या छोट्या खुणेवर क्लिक करून तिचा एसएचए २५६ आकडा, म्हणजे फाइलचा ठसा, काढा आणि संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्ये अशा चित्रविचित्र चुका दाखवते, की माणूस हार्ड डिस्कवर संशय घेत बसतो.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तारेचा एक यूएसबी माउस आणि मोबाइलची डेटा जाणारी केबल हाताशी ठेवा. नुसती चार्जिंगची केबल इथं उपयोगाची नाही.

विंडोज असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर

ही पायरी गाळू नका. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद, असते आणि मालकाला पत्ता नसतो. तुम्ही बायोसमध्ये (सिस्टीम सुरू होण्याआधीचा लॅपटॉपचा सेटिंगचा पडदा) एखादी सेटिंग बदलता, आणि पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर आतले फोटो, प्रमाणपत्रं, सगळं गेलं.

मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून रिकव्हरी की पाहा आणि कागदावर उतरवा. दुसऱ्या माणसाला वाचायला लावून पडताळा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. त्याच बैठकीत फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं तर विंडोज बंद केल्यावर खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्सला त्याच्या ड्राइव्हमध्ये काही लिहिता येत नाही.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. ५१२ जीबीच्या डिस्कमध्ये १०० जीबी भरपूर झाली.

बायोस: पेनड्राइव्ह दिसत नाही, डिस्क दिसत नाही

लॅपटॉप चालू करताच बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. एसरलाही एफ १२च, पण ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी बायोसमधली राखण. मिंट, उबुंटू आणि फेडोरा ते चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे ते बंद करायची घाई नको.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं, पण इन्स्टॉल करताना लॅपटॉपची डिस्कच यादीत नाही, ही इंटेलच्या लॅपटॉपवरची नेहमीची तक्रार. डिस्क खराब नसते. बायोसमध्ये ती इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीत बांधलेली असते. ती एएचसीआय पद्धतीत आणावी लागते. फ्री डॉसवाल्यांनी सरळ बदलावी. विंडोज ठेवायचं असेल तर मात्र थेट बदलू नका, विंडोज उठणार नाही. या क्रमानं जा:

१. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि आर एकदम दाबून एमएसकॉन्फिग उघडा. बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, खाली मिनिमल ठेवा.

२. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि व्हीएमडी बंद करा किंवा एएचसीआय निवडा. एसरमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो.

३. सेव्ह करून बाहेर पडा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि नवा ड्रायव्हर स्वतः लावेल. इथं चार आकडी पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ हवा.

४. पुन्हा एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट करा.

एसरचा आणखी एक हट्ट आहे. लिनक्स व्यवस्थित बसतं, पण चालू केल्यावर ते दिसतच नाही. तेव्हा बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड लावायचा, मग सिक्युरिटी टॅबमधला यूईएफआय फाइलला विश्वासू ठरवायचा पर्याय जागा होतो. तिथून उबुंटू नावाच्या फोल्डरमधली शिम ही फाइल निवडायची. मिंटचंही फोल्डर उबुंटू याच नावाचं असतं, गोंधळू नका. आणि तो पासवर्ड वहीत लिहा.

इन्स्टॉलच्या आधी एक तास नुसतं वापरून पाहा

पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स डिस्कला हात लावत नाही. या तासात सगळं तपासून घ्या: वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, उजेड कमीजास्त करायची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, झाकण लावून उघडणं. इथं जे चालतं ते बहुतेक इन्स्टॉल झाल्यावरही चालतं. एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून तपासा, कारण तुम्हाला आता माहीत आहेच.

हे काम सकाळी करा. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतचं तापमान चालेल असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढं जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि "लिनक्स हळू चालतं" असा शिक्का बसतो. कूलरसमोर लॅपटॉप ठेवणंही बरं नाही. ओली हवा थेट आत ओढली जाते. शिवाय कूलरची मोटर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय इन्स्टॉल सुरू करू नका. गावची डीपी उडाली तर लाइन कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि डिस्कवर लिहिणं अर्ध्यात तुटणं वाईट. इन्स्टॉल करताना अपडेट उतरवायची खूण काढून टाका, म्हणजे रेंज गेली तरी काम अडत नाही.

काळा पडदा

मेनू दिसतो, लिनक्स निवडता आणि पडदा काळाच राहतो. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर हे होतं, अगदी नव्या चिप असलेल्या इतरांवरही. मेनूमध्ये लिनक्सच्या ओळीवर असताना ई दाबा. लिनक्स या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून एन ओ एम ओ डी ई एस ई टी असं लिहा. मग एफ १० दाबा. चित्र थोडं ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला एनव्हिडियाचा ड्रायव्हर लावा. सिक्युअर बूट चालू असेल तर ते एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्ट होताच निळा पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबायला फक्त १० सेकंद मिळतात. लोक पाणी प्यायला उठतात आणि तो निघून जातो. मग ड्रायव्हर बसलेला असतो पण चालत नाही. समोर बसून राहा, बटण दाबा, एनरोल मॉक निवडा, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट. एवढंच.

वायफाय नाही

शहरात लोक लॅनची केबल लावून मोकळे होतात. आपल्याकडं ती कुठली? पण मोबाइल आहे. केबलनं मोबाइल लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं इंटरनेट वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे ज्याला माहीत नाही तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणण्यासाठी तालुक्याला दोन फेऱ्या मारतो. मी मारलेल्या आहेत.

नेट आलं की चिप ओळखा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) एल एस पी सी आय, एक जागा, आडवी रेघ, के असं लिहून एंटर दाबा. यादीत नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ पाहा. तिथं कंपनी आणि चिपचा क्रमांक असतो, आणि दोन-तीन ओळींखाली कोणता ड्रायव्हर चालू आहे ते. ड्रायव्हरची ओळच नसेल तर कर्नल त्या चिपला ओळखत नाही.

इंटेलचं कार्ड असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. रिअलटेक ८८५२ बीई स्वस्त लॅपटॉपमध्ये खूप दिसतं. त्याचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमध्ये आहे. मीडियाटेक ७९२१ ला ५.१२ पासूनचा कर्नल पुरतो. मीडियाटेक ७९०२ निघालं तर मात्र वेगळं आहे. नावं सारखी, पण या चिपसाठी लिनक्समध्ये बराच काळ ड्रायव्हरच नव्हता. तासन्‌तास आज्ञा टाइप करू नका. सगळ्यात ताजा कर्नल लावून पाहा, आणि तरी नाहीच चाललं तर कार्ड बदला.

कर्नल बदलणं मिंटमध्ये सोपं आहे: अपडेट मॅनेजर, व्ह्यू, लिनक्स कर्नल्स. नवा लावला तरी जुना तसाच राहतो, नवा बिघडला तर सुरुवातीच्या मेनूतून जुना निवडता येतो.

कार्ड बदलायची वेळ आली तर एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. इंटेलचं एएक्स २१० मागा. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला तसेच, पण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येच चालतात. एएमडी रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये २११ लावलं तर ते मुळीच दिसणार नाही, आणि दुकानदार परत घेईल याची खात्री नाही. आधी खालचं झाकण उघडून कार्ड सुटं आहे का पाहा. काही लॅपटॉपमध्ये ते बोर्डलाच डकवलेलं असतं. वॉरंटी चालू असेल तर सेवा केंद्राला विचारूनच स्क्रू काढा.

वायफाय दिसतं पण चालू होत नाही, ही तक्रार वेगळी. आर एफ के आय एल एल, एक जागा, एल आय एस टी असं लिहा. हार्ड ब्लॉक्डपुढं येस आलं तर बहुतेक विमानाचं चिन्ह असलेलं बटण किंवा वायफायची कळ दाबली गेलेली असते.

टचपॅड, आवाज, झोप

टचपॅड मुळीच हलत नसेल तर यूएसबी माउस लावा आणि नवा कर्नल टाकून पाहा, बहुतेक सुटतं. कधी हलतो, कधी उडतो अशी तऱ्हा असेल तर वर सांगितलेली चार्जरची परीक्षा घ्या. अर्थिंग वायरमनकडून करून घ्या, मुख्य लाइनशी स्वतः खेळू नका. खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि पाइप घालतात. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, मग ते अर्थिंगही सुकतं. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला. पोरीच्या घरी आता तसंच करतात, आणि बाण स्थिर आहे.

आवाजाच्या सेटिंगमध्ये डमी आउटपुट असं दिसलं तर स्पीकर फुटलेला नाही. नव्या इंटेल लॅपटॉपच्या आवाजाला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. सगळे अपडेट टाकून लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा.

झाकण लावल्यावर नवे लॅपटॉप पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत; मोबाइलसारखे अर्धे जागे राहतात. एसटीत मांडीवर दप्तर, दप्तरात असा लॅपटॉप, बाहेर लू. उतरेपर्यंत तो तव्यासारखा तापतो आणि बॅटरी संपलेली असते. पॉवर मॅनेजमेंटमध्ये झाकण लावल्यावर बंद व्हावं असं ठरवा. प्रवासात तरी हाच नियम ठेवा.

दोन्ही सिस्टीम असतील तर घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं. विंडोज घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं, आणि आपण त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढं. घड्याळाचा सेल बदलायची गरज नाही. टर्मिनलमध्ये टी आय एम ई डी ए टी ई सी टी एल, एक जागा, एस ई टी, आडवी रेघ, एल ओ सी ए एल, आडवी रेघ, आर टी सी, एक जागा, आणि इंग्रजी एकचा आकडा असं लिहा. तारीख चुकली की बँकेची आणि अर्ज भरायची संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणून हे लगेच करा.

ज्यांना लॅपटॉपवर पोट चालवायचं आहे त्यांच्यासाठी

लोकांचे अर्ज भरून देणारं सेवा केंद्र चालवत असाल तर विंडोज पुसून टाकू नका. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी आहे का, हे त्या यंत्राच्या कंपनीच्या पानावर आधी पाहा. लॅपटॉपच्या अंगातला ठशाचा सेन्सरही अनेकदा लिनक्समध्ये चालत नाही.

प्रिंटरचंही तसंच. कॅननचा एलबीपी २९०० तालुक्याच्या कितीतरी दुकानांत दिसतो, आणि लिनक्सवर तो फार त्रास देतो. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीलिप या सॉफ्टवेअरमधून त्याचं प्लगइन उतरवावं लागतं. प्रिंटर घेताना क्रमांक सांगून लिनक्सचं विचारा.

मदत मागायची वेळ आली तर "वायफाय चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका. मिंटमध्ये सिस्टम रिपोर्ट्स उघडा, सिस्टम इन्फॉर्मेशनमधला मजकूर कॉपी करा आणि तो पूर्ण पाठवा. सोबत वहीतल्या तीन ओळी जोडा: काय करत होतो, काय दिसलं, त्याआधी काय बदललं. लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, तेही लिहा.